शाळेच्या गोल्फ संघात निवड झाल्यावर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शालेय स्पर्धांचे वेळापत्रक जाहीर झाले की या सदराकडे येणारी पत्रे बहुधा क्रिकेट, कबड्डी आणि बुद्धिबळाविषयीची असतात. या खेपेस गोल्फविषयीची पत्रे लक्षात येण्याइतकी जास्त आली, म्हणून हे सदर त्यांतील निवडक प्रश्नांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न: माझी मुलगी नववीत असून तिची शाळेच्या गोल्फ संघात निवड झाली आहे. शाळेने आमच्याकडून एका नियमपत्रकावर सही घेतली. फेरी चालू असताना पालकांनी खेळाडूपासून पन्नास पावले दूर राहावे आणि खेळाविषयी एक शब्दही बोलू नये, असे त्यात म्हटले आहे. क्रिकेटच्या सामन्यात आम्ही सीमारेषेवरून मुलांना ओरडून सांगतो, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. ही अट जाचक नाही का? (एक पालक, चेंबूर)

उत्तर: पन्नास पावलांचे अंतर ही शाळेने आपल्या सोयीने घातलेली मर्यादा आहे, न बोलण्याच्या अटीचे मूळ मात्र शाळेत नसून खेळाच्या नियमांत आहे. गोल्फचे नियम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून ठरवतात आणि त्यांतील दहाव्या नियमानुसार खेळाडूला फेरीदरम्यान केवळ स्वतःच्या कॅडीचा, म्हणजे बॅग वाहणाऱ्या साथीदाराचा, सल्ला घेता येतो. सात नंबरचा आयर्न (धातूच्या तोंडाची काठी) घ्यावा की आठ नंबरचा, फटका पूर्ण मारावा की अर्धा, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) कोणत्या बाजूने जावे, असे काहीही तिने दुसऱ्या कोणाला विचारले, तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड बसतो. तिने न विचारता आपण एकदा सांगितले तर तिला दंड होत नाही. परंतु तीच व्यक्ती सांगतच राहिली आणि मुलीने तिला थांबवण्याचा प्रयत्न केला नाही, तर मुलीनेच सल्ला मागितला असे धरले जाते. म्हणजे नववीतल्या मुलीने चार परक्या खेळाडूंच्या देखत आपल्या वडिलांना ‘बाबा, गप्प राहा’ असे सांगावे, अशी वेळ नियमामुळे तिच्यावर येते. शाळेचे पत्रक तिला या अवघड प्रसंगातून वाचवते, म्हणून मला ते जाचक न वाटता मुलीच्या बाजूचे वाटते.

या संदर्भात पालक अनेकदा गोल्फपटू अदिती अशोकचा दाखला देतात. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांकडे होती आणि २०२१ साली टोकियोत ती चौथी आली तेव्हा आईकडे होती, हे खरेच आहे. पण ते दोघे तिथे नियमानुसार नेमलेले कॅडी होते आणि कॅडीला काहीही सांगण्याची मुभा असते. शालेय स्पर्धेत कॅडी ठेवता येतो की नाही, आणि येत असल्यास पालकाला ते काम करता येते की नाही, हे त्या स्पर्धेच्या अटींवर अवलंबून असते. ज्युनिअर स्पर्धांमध्ये पालकांना बहुधा मनाईच असते. सांघिक स्पर्धेत आयोजकांनी परवानगी दिली, तर संघाला सल्ला देण्यासाठी एका व्यक्तीचे नाव आधी कळवता येते. ते नाव प्रशिक्षकाचेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला करता येण्याजोगे एक काम मात्र मोलाचे आहे. चेंडू झाडीत गेला तर तो शोधायला कोणीही मदत करू शकते, आणि २०१९ पासून शोधाची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आल्यामुळे जास्तीच्या दोन डोळ्यांचा उपयोग होतो. शोधताना चुकून आपला पाय चेंडूला लागला तरी मुलीला दंड नाही; चेंडू मूळ जागी ठेवायचा आणि पुढे खेळायचे. मात्र शाळेचे पत्रक याबाबतही अधिक कडक असेल, तर ते पाळावे.

प्रश्न: मी दहावीत आहे. आंतरशालेय स्पर्धेत माझे स्कोअरकार्ड दुसऱ्या शाळेचा खेळाडू लिहीत होता. सातव्या होलला मी पाच फटके घेतले होते, त्याने चार लिहिले. मी न पाहता सही केली आणि मला बाद करण्यात आले. चूक त्याची असताना शिक्षा मला का? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: तुझी चिडचिड समजण्यासारखी आहे, परंतु निर्णय बरोबर होता. गोल्फमध्ये दुसऱ्याचे कार्ड लिहिणाऱ्याला मार्कर म्हणतात आणि त्याने लिहिलेला प्रत्येक होलचा (मैदानाच्या प्रत्येक टप्प्याचा) आकडा बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी ज्याचे कार्ड त्याची असते. कार्ड आयोजकांच्या हाती दिल्यानंतर एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला, तर खेळाडू बाद होतो; जास्त निघाला, तर तो जास्तीचा आकडाच कायम राहतो. त्या मुलाने जाणूनबुजून चुकीचा आकडा प्रमाणित केला असता, तर तोही बाद झाला असता. नजरचुकीला मात्र त्याच्यासाठी शिक्षा नाही.

या नियमाने मोठमोठ्यांनाही सोडलेले नाही. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सो याने शेवटच्या दिवशी सतराव्या होलला तीन फटके घेतले होते. त्याचा मार्कर टॉमी एरन याने चार लिहिले आणि दे विसेन्सोने तशीच सही केली. पासष्टाऐवजी सहासष्ट फटके धरले गेले, बॉब गोल्बीशी झालेली बरोबरी मोडली आणि प्लेऑफची संधी गेली. त्यात तो त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये मार्क रो आणि येस्पर पार्नेविक हे पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागी) कार्डांची अदलाबदल करायला विसरले आणि तिसऱ्या फेरीनंतर दोघेही बाद झाले.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक होल संपल्यावर, पुढच्या टीकडे चालत असताना, मार्करला आपला आकडा मोठ्याने सांगायचा आणि त्याने तो लिहिलेला पाहायचा. स्वतःचे आकडे कार्डावरील वेगळ्या रकान्यात आपणही लिहीत जायचे. फेरी संपल्यावर दोन्ही रकाने होलनिहाय ताडून मगच सही करायची. बेरीज चुकली तर घाबरायचे कारण नाही, कारण बेरीज करणे हे आयोजकांचे काम आहे.

एका प्रश्नाचा तू उल्लेख केलेला नाहीस, पण प्रशिक्षकांनी त्याचा विचार करायला हवा. पाच खेळाडू खेळून उत्तम चार स्कोअर धरले जाणार असतील, तर एक जण बाद झाल्यावरही संघ टिकतो. तीन खेळाडू आणि तिन्ही स्कोअर ग्राह्य असा प्रकार असेल, तर एका सहीमुळे संपूर्ण संघ घरी जातो.

प्रश्न: संपूर्ण किट विकत घेतल्याशिवाय नातवाला संघात उभे करणार नाहीत, असे सूनबाई म्हणतात. हे खरे आहे का? (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर: नाही. चौदा ही क्लबची, म्हणजे खेळण्याच्या काठ्यांची, कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. एक ड्रायव्हर किंवा फेअरवे वूड, तीन-चार आयर्न, एक सँड वेज आणि एक पटर एवढ्यावर शालेय स्पर्धा उत्तम खेळता येते, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी वापरलेले क्लब घेणे अधिक शहाणपणाचे. जास्त झाले तर मात्र पंचाईत होते: २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नमच्या बॅगेत पंधरावा क्लब निघाला आणि त्याला दोन फटक्यांचा दंड बसला. कपड्यांत कॉलरचा टी-शर्ट हवा; जीन्स बहुतेक क्लबांत चालत नाही.

प्रश्न: मी क्रीडाशिक्षक आहे. पाच जागांसाठी आमच्याकडे अकरा मुले आहेत. कोणाचे पालक क्लबचे सभासद आहेत, कोणाचा खासगी प्रशिक्षक आहे, तर कोणी एकदा ब्याऐंशीची फेरी खेळल्याचे कार्ड घेऊन येतो. निवड कशी करावी? (एक शिक्षक, नवी मुंबई)

उत्तर: एका फेरीच्या कार्डावर निवड करू नये, मग ते कार्ड कितीही देखणे असो. एकाच मैदानावर, एकाच टीवरून, एकमेकांचे मार्कर होऊन निदान तीन-चार फेऱ्या खेळवाव्यात आणि सर्वांची बेरीज धरावी. ही पद्धत पहिल्या फेरीपूर्वीच सूचनाफलकावर लावावी, कारण निवडीवरील बहुतेक वाद निकालाचे नसून निकष मागाहून कळल्याचे असतात.

पाचापैकी उत्तम चार धरण्याच्या पद्धतीत एक बारकावा आहे. पहिल्या चार जागांसाठी सातत्य हवे. शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी असे खेळणारी मुले तिथे योग्य. पाचव्या जागेवर मात्र एके दिवशी अठ्ठ्याहत्तर आणि दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव खेळणारा बेभरवशाचा मुलगाही फायद्याचा ठरू शकतो, कारण त्याचा वाईट दिवस आपोआप गाळला जातो आणि चांगला दिवस संघाच्या कामी येतो. सर्वच स्कोअर धरले जाणार असतील, तर हाच मुलगा संघाला महागात पडेल. म्हणून चार जागा बेरजेवर भरून पाचवी प्रशिक्षकाच्या मर्जीवर ठेवणे योग्य होय, फक्त ती मर्जीची जागा आहे हे आधी सांगितलेले असावे.

हजेरीच्या नियमात सवलत देऊ नये. मुंबईत मैदाने मोजकीच आहेत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, ताडदेवचा विलिंग्डन आणि कुलाब्याचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब ही सभासदांची मैदाने आहेत. आपल्या बाजूला सिडकोचे खारघर व्हॅली मैदान आहे. कोठेही गेलात तरी शाळेच्या वाट्याला ठरावीक वेळच येते आणि ती मिळालेली वेळ वाया घालवणाऱ्या मुलाची जागा तिकडे लोकलने धडपडत येणाऱ्या मुलाला दिली, तर कोणाला गैर वाटण्याचे कारण नाही. सरावात फटक्यांइतकेच लक्ष वेगाकडेही द्यावे: आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा, अशी नियमांची शिफारस आहे. उखडलेली हिरवळ परत बसवणे, बंकर रेकने सारखा करणे आणि चेंडू कोणाच्या दिशेने गेल्यास सावध करण्यासाठी ‘फोर’ ओरडणे हेही सरावातच अंगवळणी पडले पाहिजे; मैदान देणारे क्लब पुढच्या वर्षी हो म्हणतात ते यावरूनच.

प्रश्न: नोकरीनिमित्त आमचे कुटुंब अमेरिकेला चालले आहे. मुलगा येथे गोल्फ खेळतो. तेथील हायस्कूलच्या संघाच्या अपेक्षा वेगळ्या असतात का? (एक पालक, मुलुंड)

उत्तर: खेळाचे नियम तेच असतात, त्याभोवतीची शिस्त वेगळी असते. तिथे शालेय खेळांचा कारभार प्रत्येक राज्याची संघटना पाहते, त्यामुळे हंगाम कधी, संघात किती जण आणि किती स्कोअर धरायचे, हे राज्यागणिक बदलते. कोठे गोल्फ शरद ऋतूत असतो, कोठे वसंतात, आणि काही ठिकाणी मुलांचा व मुलींचा हंगामही निराळा असतो. त्यामुळे घर ठरताच शाळेला पहिला प्रश्न निवड चाचणीच्या तारखेचा विचारावा, नाहीतर शाळा सुरू होण्याआधीच संघ ठरून गेलेला असायचा.

शाळा सुटल्यावर नऊ होलचे सामने आणि मोठ्या स्पर्धांत अठरा होल, हा तेथील सर्वसाधारण प्रकार आहे. डॉक्टरांच्या सहीचा तपासणी अर्ज लागतो. अभ्यासाची अट गंभीरपणे घेतली जाते. टेक्ससमध्ये तर १९८४ पासून नापास विद्यार्थ्याला ठरावीक काळ सामन्यांतून बाहेर ठेवण्याचा कायदाच आहे. येथे कॅडीची सवय झालेल्या मुलांना एक गोष्ट जड जाते: तेथे आपली बॅग बहुधा आपणच उचलायची किंवा ढकलगाडीवर न्यायची असते. जाण्यापूर्वी काही फेऱ्या मुलाला बॅग स्वतः वाहून खेळू द्या.

प्रश्न: माझ्या मुलाचा चेंडू फटक्यापूर्वी किंचित हलला. कोणीही पाहिले नव्हते, तरी त्याने स्वतः एक फटका दंड लावून घेतला. संघ एका फटक्याने हरला आणि आता सोबतची मुले त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला काय सांगू? (एक आई, दादर)

उत्तर: ताई, चूक त्याची नाही, हे त्याला निःसंदिग्धपणे सांगा आणि प्रशिक्षकांनाही भेटा, कारण ही समजूत काढण्याचे काम एकट्या आईचे नाही. गोल्फमध्ये प्रत्येक गटामागे पंच नसतो. स्वतःवर दंड लावणे हे खेळाडूचेच कर्तव्य आहे आणि नियमांच्या पहिल्याच प्रकरणात ते नमूद आहे. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स याने रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) आपला चेंडू हलल्याचे सांगून स्वतःला एक फटका दंड लावून घेतला, पुढे बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो विली मॅकफार्लेनकडून हरला. रुसलेल्या मुलांना हे प्रशिक्षकांनी सांगावे, आणि चार जणांच्या एकूण तीनशेहून अधिक फटक्यांतला हाच एक फटका तुम्हाला का आठवतो, असेही विचारावे. त्या दिवशी प्रत्येकाने एखादा छोटा पट (होलजवळचा हलका फटका) चुकवलाच असेल.

तरी मुलाला एक गोष्ट नक्की विचारा: चेंडू नेमका कोठे होता? फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) किंवा रफमध्ये त्याच्यामुळे हलला असेल, तर एक फटका दंड आणि चेंडू मूळ जागी, हे बरोबर. पण ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर) चुकून हलला असेल, तर आताच्या नियमांत दंडच नाही. चेंडू परत ठेवायचा आणि पट मारायचा. पुढे कधी अशी शंका आली, तर स्ट्रोक प्लेमध्ये तो होल दोन चेंडूंनी पूर्ण करता येतो. पुढचा फटका मारण्यापूर्वी, कोणता चेंडू धरला जावा हे मार्करला सांगायचे आणि कार्ड देण्यापूर्वी सर्व हकीकत आयोजकांच्या कानावर घालायची. दोन्ही चेंडूंचे आकडे सारखे आले तरी ती सांगावीच लागते, नाहीतर खेळाडू बाद होतो.