स्कॅन झाल्यावरही लायब्रऱ्या एकाच जुन्या पुस्तकाच्या इतक्या प्रती का सांभाळतात?

तुमचं म्हणणं असं दिसतं की १५व्या-१६व्या शतकातली युरोपीय पुस्तकं आता नेटवर फुकट वाचायला मिळतात, तर लायब्रऱ्यांनी एकेक प्रत ठेवावी आणि जादाच्या विकून टाकाव्यात. मी जुन्या पुस्तकांच्या कॅटलॉगिंगचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न पाहुण्यारावळ्यांकडूनही ऐकावा लागतो. नुसता मजकूर वाचायचा असेल तर तुमचं बरोबर आहे. स्कॅन पुरेसा आहे.

पण हा हिशेब एकदा करून झालेला आहे. शेक्सपियरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह १६२३ साली निघाला, तो 'फर्स्ट फोलिओ'. त्याची एक प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीकडे नवी कोरी आली होती. पुढे १६६४च्या सुमारास जास्त नाटकं असलेली तिसरी आवृत्ती आली आणि लायब्ररीने जुनी प्रत बिनकामाची म्हणून काढून टाकली. १९०५ साली एक विद्यार्थी घरातलं एक जुनं पुस्तक दाखवायला तिथे घेऊन आला. बांधणीवरून लोकांच्या लक्षात आलं की ही आपलीच प्रत! ती परत घ्यायला पुढच्या वर्षी ३,००० पौंड लागले, तेही वर्गणी काढून.

आता प्रती वेगवेगळ्या कशा असतात ते सांगतो. तेव्हा जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारा कामगार, एकेक खिळा (धातूचं सुटं अक्षर) हाताने लावायचा. प्रूफ तपासणं चालू असतानाच छपाईही चालू राहायची. चूक सापडली की यंत्र थांबवून खिळा बदलायचा, पण आधी छापून झालेले चुकीचे कागद टाकून देत नसत, कारण कागद महाग होता. दुरुस्त आणि नादुरुस्त फर्मे (छापलेले मोठे कागद) सरमिसळ होऊन बांधणीला जात. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रती शब्दशः सारख्या असतीलच असं नाही. वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत फर्स्ट फोलिओच्या ८२ प्रती आहेत. त्या ताडून पाहायला चार्ल्टन हिनमन या अभ्यासकांनी एक यंत्रच बनवलं. दोन प्रतींचं तेच पान आळीपाळीने डोळ्यासमोर यायचं आणि फरक असेल तेवढीच जागा लुकलुकायची. पन्नासहून अधिक प्रती अशा ताडून कोणतं पान कुठल्या जुळाऱ्याने लावलं इथपर्यंत ते पोचले. एकच प्रत ठेवली असती तर ताडायचं कशाशी?

माझ्या मते मात्र खरा ऐवज समासात असतो. कोपर्निकसचा सूर्यकेंद्री ग्रंथ १५४३ साली न्यूरेंबर्गला छापला, दुसरी आवृत्ती १५६६ साली बाझलला. हा ग्रंथ कुणी फारसा वाचलाच नाही, असं बराच काळ म्हटलं जाई. खगोलशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक ओवेन गिंगरिच यांनी जगभर फिरून दोन्ही आवृत्त्यांच्या सुमारे सहाशे प्रती स्वतः तपासल्या, तेव्हा गुरूच्या टिपा शिष्याने आपल्या प्रतीत उतरवून घेतल्याच्या साखळ्या सापडल्या. म्हणजे वाचणारे भरपूर होते. १६२० साली रोमच्या कॅथलिक चर्चने या ग्रंथात कुठे काय खोडायचं याची यादी काढली. इटलीतल्या निम्म्याहून जास्त प्रतींत त्याप्रमाणे खाडाखोड आहे, बाहेर क्वचितच. गॅलिलिओची स्वतःची प्रत फ्लॉरेन्सला आहे. त्यानेही हुकूम पाळला, पण रेघा इतक्या हलक्या हाताने ओढल्या की खालचा मजकूर आरामात वाचता येतो. हे कळायला नेमकी तीच प्रत लागते.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो पोर्तुगालमध्ये मिळाला. त्याने केलेला लॅटिन संक्षेप १५६७ साली अँटवर्पला निघाला आणि बहुतेक युरोपने ओर्ता त्यातूनच वाचला. क्लुसियसच्या हाताच्या टिपा असलेली ती गोव्याची प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. ओर्ताचं काय घेतलं आणि काय वगळलं हे तिच्यावरून तपासता येतं.

याच्या उलट फादर स्टीफन्स या गोव्यातल्या इंग्रज धर्मगुरूचं मराठी काव्य 'क्रिस्तपुराण'. १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं, नंतर आणखी दोनदा छापलं, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. आपण जे वाचतो ते हस्तलिखित नकलांवरून आलेलं. त्यातली एक देवनागरी नक्कल लंडनच्या सोआस विद्यापीठात मार्सडेन संग्रहात आहे. कुठल्या तरी कपाटात एक जादाची छापील प्रत पडून राहिली असती, तर मुळात काय छापलं होतं हा वाद बराच मिटला असता.

स्कॅन पाहताना तो कोणत्या लायब्ररीच्या प्रतीचा आहे ते आधी बघा आणि तिच्या नोंदीत पूर्वीचे मालक, समासातल्या टिपा, बांधणी यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि कधी प्रत्यक्ष हाताळायची संधी मिळाली तर सिनेमातल्यासारखे पांढरे हातमोजे घेऊन जाऊ नका. मोज्यांनी बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. हात स्वच्छ धुवून कोरडे केले की झालं.