टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टवर 'हाय' आलंय, जेल बंद करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय ५३, पाळी जाऊन तीन वर्षं झाली, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन चालू आहे, शरीरसंबंधाची इच्छा अजिबात राहिली नाही म्हणून डॉक्टरांनी वर टेस्टोस्टेरॉन जेल दिलं, सहा आठवड्यांनी रिपोर्ट ५२ आला आणि लॅबने ८ ते ४० रेंज देऊन शेजारी 'हाय' छापलं.

मी डॉक्टर नाही. इंग्लंडमध्ये राहते, दोन वर्षं हेच जेल लावतेय, आणि तुमच्यापेक्षा भयंकर रिपोर्ट बघून झालाय म्हणून लिहिते.

इकडे माझ्या जीपीने, म्हणजे इकडच्या फॅमिली डॉक्टरने, दिलेलं जेलसुद्धा पुरुषांचंच. ४०.५ मिलिग्रॅमचं पाकीट, पुरुष एका दिवसात संपवतो, बाईने तेच आठ दिवस पुरवायचं, म्हणजे रोज साधारण ५ मिलिग्रॅम, वाटाण्याएवढं. घडी घालून कपड्याचा चिमटा लावून ठेवते मी. आतल्या कागदावर सगळीकडे 'पुरुषांसाठी' असं वाचून मला वाटलं केमिस्टने चुकून दुसऱ्याचंच औषध दिलं, परत द्यायला निघाले होते.

तर माझी गंमत. सुरू करायच्या आधी माझं टेस्टोस्टेरॉन ०.५ होतं, इकडे नॅनोमोलमध्ये मोजतात. सहा आठवड्यांनी रक्त दिलं आणि आकडा आला ११.४! हा तर चक्क पुरुषाच्या रेंजमधला. जीपीचा फोन, "तुम्ही नक्की किती लावताय?" मी रडकुंडीला, आरशात हनुवटी बघतेय, एकटीच बोलून आवाज जाड झालाय का ऐकतेय. मग नर्सने विचारलं लावता कुठे, तर मी मॉइश्चरायझरसारखं डाव्या हाताला कोपरापर्यंत चोळत होते आणि रक्त त्याच कोपरातून काढलं होतं, त्या दिवशी सकाळी लावून गेले होते ते वेगळंच. कातडीवरचं जेलच सुईबरोबर ट्यूबमध्ये गेलं असणार असं ती म्हणाली. मग मांडीला लावायला लागले, टेस्टच्या दिवशी सकाळी लावलं नाही, दुसऱ्या हातातून रक्त दिलं, आला १.३. म्हणून पहिलं हेच बघा की जेल कुठे लावता, टेस्टच्या आधी किती तास लावलं होतं आणि रक्त कुठून काढलं.

आता तुमचे ५२. ते नॅनोग्रॅम पर डेसीलिटर असणार, २८.८ ने भागा, साधारण १.८ नॅनोमोल येतं. लॅबने जी ८ ते ४० रेंज छापलीय ती बहुतेक पाळी गेलेल्या, काहीच न घेणाऱ्या बायकांची असेल, मग औषध घेऊन आकडा तिच्या वर जाणारच की! या उपचारात बघायचं असतं ते पाळी चालू असलेल्या बाईच्या रेंजमध्ये आपण आहोत का, तर त्याच लॅबकडून ती रेंज मागून घ्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. मला विचाराल तर ५२ घाबरण्यासारखं वाटत नाही, पण जेल अजून वाढवावं असंही वाटत नाही. आपल्या मनाने बंद मात्र करू नका, डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर सांगतील.

केसांसाठी बायोटिन घेताय का? या वयात निम्म्या मैत्रिणी घेतात, मीही घ्यायचे. काही लॅबच्या मशीनमध्ये बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं, एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये बायोटिनमुळे टेस्ट चुकतात असा इशारासुद्धा दिला होता. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. आणि नेहमीची मशीनची टेस्ट बायकांच्या एवढ्या कमी लेव्हलला तशी ढोबळच असते, मास स्पेक्ट्रोमेट्रीने केलेली जास्त भरवशाची, ती तुमच्या शहरात मिळत नसेल तर निदान दरवेळी एकच लॅब धरा.

अजून एक, तुमचं इस्ट्रोजेन गोळी आहे की जेल-पॅच ते लिहिलं नाहीत. गोळीने एसएचबीजी नावाचं प्रोटीन वाढतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, मग टोटल आकडा छान दिसतो पण कामाला येणारं थोडंच उरतं.

पण आकड्यावरून औषध लागू पडलं की नाही ते कळतच नाही. अमुक आकड्याखाली इच्छा जाते अशी रेषा कुठे नाही, आकडा बघायचा तो फक्त जास्त होत नाहीये ना यासाठी. बायकांच्या टेस्टोस्टेरॉन उपचारावर तज्ज्ञांनी २०१९ मध्ये जे जागतिक सहमतीपत्र काढलं त्यात सरळ लिहिलंय, टेस्ट सुरू करण्याआधी एकदा, मग ३ ते ६ आठवड्यांनी, पुढे साधारण दर सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांत इच्छेत फरक नसेल तर बंद. थकवा, विसराळूपणा यासाठी द्यायला पुरेसा पुरावा नाही हेही त्यातच आहे. (मी स्वतः जीपीकडे तीनदा 'थकवा येतो' एवढंच सांगून परत आले होते, खरं कारण चौथ्यांदा तोंडातून निघालं, तेही खाली बघून.)

लक्ष ठेवायचं ते पुरळ, हनुवटीवरचे केस, डोक्यावरचे विरळ होणं यावर, आणि आवाजावर सगळ्यात जास्त, कारण जाड झालेला आवाज पुन्हा पूर्ववत होईलच असं नाही. माझ्या मांडीवर लावायच्या जागी चार काळे केस आलेत, जागा बदलत राहते, चालायचंच. लावून झाल्यावर हात धुवा, घरात नातवंडं असतील तर त्या जागेला त्यांचा हात लागू देऊ नका. आणि कोणी कातडीखाली पेलेट बसवतो म्हणालं तर नको म्हणा, त्याने लेव्हल फार वर जाते आणि एकदा बसवलं की लगेच कमी करता येत नाही.

पुढचा रिपोर्ट टाकलात तर युनिट दिसेल असा फोटो टाका, नुसत्या ५२ वरून मी पण अंदाजच केलाय.