जनक की प्रवर्तक?

एका वाचकाने विचारले आहे: “एड हेड्रिक यांच्यावर मराठीत एक छोटी नोंद लिहीत आहे. इंग्रजीत त्यांना ‘फादर ऑफ डिस्क गोल्फ’ म्हणतात, म्हणून मी ‘डिस्क गोल्फचे जनक’ असे लिहिले. मित्राने हरकत घेतली की हा खेळ त्यांच्या आधीही खेळला जात होता, मग ते जनक कसे? दुसरे म्हणजे, डिस्कला चकती म्हणू, थाळी की तबकडी? सरळ फ्रिसबी म्हटले तर काय बिघडते? नोंदीच्या शेवटी ‘मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी चकत्यांमध्ये मिसळल्या गेल्या’ असे वाक्य आहे. तेही पाहावे.”

तुमच्या मित्राची हरकत रास्त आहे. ‘जनक’ काढा. त्याने हेड्रिकांचे मोठेपण कमी होत नाही, उलट ते नेमके कशात आहे ते दिसू लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. गोल्फमध्ये चेंडू कमीत कमी फटक्यांत खळग्यात घालायचा असतो. इथे हाताने फेकायची प्लास्टिकची उडती डिस्क असते आणि ती कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत पोचवायची असते. लक्ष्य म्हणजे खांबाला बसवलेली लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आदळली की तिचा जोर जिरतो आणि ती टोपलीत पडते.

आता शब्द. ‘जनक’ हा ‘जन्’ धातूपासून आला. जन्म देणारा तो जनक. मराठीत या शब्दाचा काटेकोर अर्थ कुठे टिकून आहे ते पाहायचे असेल तर दत्तकाचे जुने कागद काढा. त्यांत ‘जनक पिता’ आणि ‘दत्तक पिता’ असे दोन वेगळे पिते असतात. जन्म दिला तो जनक, आणि मांडीवर घेऊन वाढवले, नाव दिले, इस्टेटीला वारस केले तो दत्तक पिता. दोघांनाही मूल बाबाच म्हणते, पण कागद लिहिणारा कारकून त्यांची कधी गफलत करत नाही.

डिस्क गोल्फला जन्म कोणी दिला? 1926 च्या सुमारास कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाच्या गावी शाळकरी मुले पत्र्याची झाकणे ठरलेल्या लक्ष्यांवर फेकत होती. त्या खेळाला ती ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. आपण ‘झाकण-गोल्फ’ म्हणू. पुढे ही कल्पना अमेरिकेत ठिकठिकाणी, एकमेकांचा पत्ता नसताना उगवली. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात मुलांच्या मैदानावर काम करणाऱ्या जॉर्ज सॅपनफील्ड यांनी मुलांना फ्रिसबी देऊन असाच खेळ लावला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 1974 साली या खेळाची स्पर्धाही झाली. म्हणजे जनक एक नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नावे कुठे लिहिली गेलेली नाहीत.

बरे, ती डिस्क तरी हेड्रिकांची का? तीही नाही. फ्रेड मॉरिसन या तरुणाने आधी केक भाजायचे पत्र्याचे भांडे समुद्रकिनाऱ्यावर फेकून पाहिले, तशी भांडी विकली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची उडती तबकडी बनवली. ‘व्हॅम-ओ’ कंपनीने 1957 मध्ये ती बाजारात आणली. हेड्रिक त्या कंपनीत आले 1964 साली.

म्हणून ‘जनक’ हा शब्द इथे टिकत नाही. मग इंग्रजीत ‘फादर’ कसे चालते? कारण इंग्रजी ‘फादर’चा पसारा मोठा आहे. आपल्याकडे पाच प्रकारचे पिते सांगणारे एक जुने सुभाषित आहे: जन्म देणारा, मुंज लावणारा, विद्या देणारा, अन्न देणारा आणि भयातून सोडवणारा. ‘पिता’ शब्दात हे पाचही मावतात, ‘जनक’मध्ये फक्त पहिला. गांधीजींना आपण राष्ट्रपिता म्हणतो, राष्ट्रजनक म्हणत नाही, ते याच समजुतीने. राष्ट्र त्यांच्या आधीपासून होते. इंग्रजीतल्या प्रत्येक ‘फादर ऑफ’ला डोळे झाकून ‘जनक’ लावायची सवय आपल्याला लागली आणि हा फरक पुसत गेला. तशी एक तक्रार आपल्या घरातलीही आहे. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपट मे 1912 मध्ये मुंबईत दाखवला गेला आणि दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मे 1913 मध्ये. तरी भारतीय चित्रपटाचे जनक ही पदवी फाळक्यांच्या नावापुढे घट्ट बसली आहे आणि तिच्यावरचा वाद अजून संपलेला नाही. शब्द सैल वापरला की असे तंटे उभे राहतात.

इथे कोणी म्हणेल, सीतेचे वडील जनकच होते ना? त्यांना तर ती नांगराच्या तासात सापडली. त्यांनी जन्म दिला नाही, उचलून घेतले, वाढवले, आणि ती जानकी झाली. उदाहरण मला फार आवडते, आणि हेड्रिकांना ते लागूही पडते. पण तिथे ‘जनक’ हे विदेहाच्या राजाचे नाव आहे, नात्याचा शब्द नव्हे. नावावरून अर्थ काढता येत नाही.

तर हेड्रिकांनी नक्की केले काय? हे नीट सांगितले पाहिजे, कारण शब्द त्यातूनच सापडतो.

व्हॅम-ओमध्ये आल्यावर त्यांनी मॉरिसनच्या तबकडीत सुधारणा केली. वरच्या पृष्ठावर बारीक गोल कंगोरे घातले, त्यामुळे वरून जाणारी हवा पृष्ठाला धरून राहते आणि डिस्क डगमगत नाही. या सुधारणेचे पेटंट त्यांना डिसेंबर 1967 मध्ये मिळाले. किनाऱ्यावरचे खेळणे त्या कंगोऱ्यांनी नेम धरून फेकण्याजोगे झाले. 1975 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ला कॅन्याडा फ्लिंट्रिज इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तिथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. खेळ सुरू झाला तसे भांडणही सुरू झाले: लागली की नाही लागली? आपल्याकडे गोट्या खेळताना नेम लागला की नाही यावरून जे होते तेच. यावर उपाय म्हणून त्यांनी मुलाला हाताशी घेऊन खांब, टोपली आणि साखळ्या यांची जोडणी केली. तिचे पेटंट 1977 चे. तिचे नाव ठेवले ‘डिस्क पोल होल’. होल म्हणजे गोट्यांमधली गल. फरक इतकाच की ही गल जमिनीत खणलेली नाही, खांबावर चढवलेली आहे. डिस्क आत आहे की नाही हे आता कोणालाही दिसते, आणि लांबून साखळ्यांचा खणखणाट ऐकूही येतो. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातली ही सर्वांत मोठी गोष्ट. वाद संपल्याशिवाय खेळाची स्पर्धा होत नाही.

1976 मध्ये त्यांनी मैदाने आखून देणारी ‘डिस्क गोल्फ असोसिएशन’ ही कंपनी काढली आणि त्याच साली खेळाडूंची ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ ही संघटना स्थापली. तिचे सभासद क्रमांक 1 ते स्वतः. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही संघटना त्यांनी खेळाडूंच्याच हाती सोपवली. आज जगात या खेळाची दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत.

आता या माणसाला शब्द द्या. टोपलीचे ते जनक, हे बेलाशक लिहा. खेळाचे ते प्रवर्तक. ‘प्रवर्तक’मध्ये ‘वृत्’ धातू आहे, म्हणजे फिरणे, चालू असणे. प्रवर्तक तो, जो थांबलेल्या किंवा नुसत्या पडून असलेल्या गोष्टीला गती देतो. धम्मचक्र प्रवर्तन हा शब्द महाराष्ट्रात लहान मुलालाही माहीत आहे. तिथे चाक फिरते करण्याचा अर्थ स्पष्ट दिसतो. ज्याने एका फिरणाऱ्या चकतीचा खेळ जगभर फिरता केला त्याला याहून जवळचा शब्द मला सुचत नाही. कंपनी काढणाऱ्यालाही हल्ली प्रवर्तक म्हणतात, आणि तोही अर्थ इथे खोटा ठरत नाही.

आणखी एक शब्द मनात येतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही: अध्वर्यू. आज आपण तो ‘म्होरक्या’ याच अर्थाने वापरतो, पण यज्ञातला अध्वर्यू हा हाताने काम करणारा ऋत्विज, म्हणजे पुरोहित. जमीन मोजायची, वेदी रचायची, पात्रे तयार करायची ही कामे त्याची. सामगान करतो तो उद्गाता. हेड्रिकांनी जमीन मोजली, खांब उभारले, पात्रही घडवले. मूळ अर्थाने ते अगदी अध्वर्यू. तरी छोट्या नोंदीत हा शब्द वाचकाला जड जाईल आणि मूळ अर्थ पोचणार नाही, म्हणून तिथे प्रवर्तकच ठेवा.

दुसरा प्रश्न डिस्कचा. ग्रीक ‘दिस्कोस’वरून लॅटिन ‘दिस्कुस’ आणि त्यावरून इंग्रजी ‘डिस्क’. ‘डिश’ आणि ‘डेस्क’ ही तिचीच भावंडे. म्हणजे मूळ शब्दातच ताटली दडलेली आहे, आणि ‘थाळीफेक’ हे नाव ज्याने योजले त्याने ती बरोबर ओळखली. पण थाळी त्या खेळाने घेतली आहे. इथे वापराल तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जड चकती गरगर फिरून फेकणारा खेळाडू उभा राहील. ‘चकती’ चांगली, पण मराठी चकती सपाट असते. काकडीच्या चकत्या, नटाखालची चकती, मणक्यातली सरकलेली चकती, यांतल्या एकीलाही काठ नाही. फ्रिसबीचे सगळे उडणे तिच्या खाली वळलेल्या काठावर अवलंबून आहे. म्हणून माझे मत तबकडीला. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘तबक’ला, टांगेची टांगडी होते तशी, ‘डी’ लागून तबकडी झाली. तबकाला काठ असतो. शिवाय मॉरिसनच्या तबकडीचे पहिले गाजलेले नाव ‘प्लूटो प्लॅटर’, म्हणजे प्लूटोचे तबक. तेव्हा अमेरिकेत परग्रहावरच्या यानांची हवा होती. हेड्रिकांच्या 1967 च्या पेटंटचे शीर्षक तर ‘फ्लाइंग सॉसर’ असेच आहे. त्याला आपण मराठीत गेली कित्येक वर्षे उडती तबकडी म्हणतो. आणि ते गोल कंगोरे पाहिलेत तर ग्रामोफोनची तबकडीही आठवेल. इतके सगळे जुळून येणारा शब्द हाताशी असताना सोडू नये. खेळाचे नाव मात्र ‘डिस्क गोल्फ’च ठेवा, ते विशेषनाम आहे. समजावताना तबकडी म्हणा.

फ्रिसबीबद्दल थोडेच. ते व्हॅम-ओ कंपनीचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या ‘फ्रिसबी पाय कंपनी’च्या रिकाम्या ताटल्या विद्यार्थी फेकत, त्यावरून ते आले. बोलताना आपण वनस्पती तुपाला डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतोच, तसे फ्रिसबी म्हणायला हरकत नाही. फिनलंडमध्ये तर हा खेळ ‘फ्रिसबीगोल्फ’ याच नावाने घरोघरी पोचला आहे. पण हेड्रिकांच्या नोंदीत डिस्कच हवे. व्हॅम-ओच्या बाहेर पडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा तिच्या नावात कोणाच्या मालकीचे चिन्ह नव्हते, ‘डिस्क’ हा सगळ्यांचा शब्द होता.

राहिले शेवटचे वाक्य. ‘अस्थी’ म्हणजे हाडे. हेड्रिक ऑगस्ट 2002 मध्ये वयाच्या 78 व्या वर्षी वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहनानंतरची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या आणि काही विकून आलेला पैसा त्यांच्या नावच्या संग्रहालयाकडे वळवायचे ठरले. राखेला आपला शब्द आहे रक्षा. प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या नावावर कोटी करून ते स्वतःला आणि मित्रांना ‘फ्रिस्बिटेरियन’ म्हणत. मेल्यावर आपण कुठल्याही लोकात जात नाही, छपरावर अडकतो आणि तिथेच पडून राहतो, असे ते सांगत. छपरावर फ्रिसबी गमावलेल्या प्रत्येकाला ते कळेल. ही कोटी नोंदीत घेता आली तर जरूर घ्या.

तुमची वाक्ये मी अशी लिहिली असती: “एड हेड्रिक हे डिस्क गोल्फचे प्रवर्तक आणि त्यातल्या साखळीच्या टोपलीचे जनक. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा उडत्या तबकड्यांमध्ये मिसळण्यात आली.”