चार दिवस डोळा लाल आणि तुम्ही मला मेल करताय? (रीफ टँकची प्रश्नोत्तरे)

महिनाभरात आलेले मेल एकत्र वाचायला बसलो तर निम्मे मेल एकच निघाले, फक्त गावं वेगळी. दुकानदार असं म्हणाला, ग्रुपवर एकाने तसं लिहिलं, व्हिडिओत तिसरंच दाखवतायत, सर नक्की काय करू. म्हणून आता सगळ्यांना इथेच उत्तर देतोय. मी डॉक्टर नाही, इलेक्ट्रिशियन नाही आणि वकील तर नाहीच नाही. मत्स्यविज्ञान शिकलोय आणि बरीच वर्षं लोकांच्या घरचे रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचे टँक सांभाळतोय, त्यामुळे जिथे माझं काम संपतं तिथे मी दुसऱ्याकडे पाठवणार, त्यावर कुरकुर नको.

दर वीकेंडला अलिबागला जातो. येताना कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का? टँकचं पाणी बनवायचं सॉल्ट फार महाग पडतं. (पनवेल)

नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, बोटींचं डिझेल असतं, पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी असतं, सॉल्टमध्ये वाचवलेले पैसे माशांत जातील.

मुलाला निमो आणि डोरी दोन्ही हवेत, टँक 2 फुटी आहे. (नाशिक)

निमो (म्हणजे क्लाऊनफिश) हो, डोरी (ब्लू टँग) नाही, तो मासा फूटभर वाढतो. निमो घेताना हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) जन्मलेलाच मागा, आपल्याकडे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची क्लाऊनफिशची हॅचरी आहे, समुद्रातून पकडलेला घ्यायचं काही कारण उरलेलं नाही.

घरच्या आरओचं पाणी वापरतो तरी काचेवर, वाळूवर सगळीकडे तपकिरी थर. दुकानदाराने शेवाळं मारायचं औषध दिलंय, किती टाकू? (वाघोली, पुणे)

औषध टाकू नका, बाटली उघडली नसेल तर परत करा. प्यायच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नाहीतर मिनरलचं कार्ट्रिज असतं, म्हणजे मशीन आधी पाणी साफ करतं आणि मग चवीसाठी थोडं पुन्हा बिघडवतं. आपल्याला चव नकोय, आपल्याला शून्य हवंय. आरओनंतर डीआयचं (उरलेसुरले क्षार काढणारं) कार्ट्रिज लावा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा, मीटर स्वस्त असतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कार्ट्रिज लवकर संपणार हे धरून चाला. नवीन टँकमध्ये हा थर पहिल्या काही आठवड्यांत येतोच आणि बहुतेक वेळा आपणहून जातो, पाण्यातून सिलिकेट (हा थर ज्यावर वाढतो ते खनिज) येत राहिलं तर मात्र मुक्काम ठोकतो.

टँक भरून 9 दिवस झाले. दुकानातून बॅक्टेरियाची बाटली घेतली, ते म्हणाले आजच मासे टाका. 5 टाकले, 3 गेले. आता परत कधी टाकू? (ठाणे)

ते म्हणाले कारण त्यांना त्याच दिवशी मासे विकायचे होते. बाटलीने मदत होते, नाही असं नाही, पण अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर बसायला साधारण 4 ते 6 आठवडे धरायचे. दिवस मोजू नका, टेस्ट किटने पाणी मोजा. बिनमाशाच्या टँकमध्ये अमोनिया टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग एक मासा, एकच, आणि दोन आठवडे थांबा. सध्या जे 2 वाचलेत त्यांना आधी सायकल झालेल्या (हे जिवाणू बसलेल्या) टँकवाल्या कुणाकडे तरी ठेवा, ते जमत नसेल तर अमोनिया रोज मोजा आणि दिसला की पाणी बदला. मेलेल्या माशांचे पैसे मागायला जाणार असाल तर मलाही सांगा, मिळाले का ते ऐकायचंय.

लाइव्ह रॉकवर (टँकमधल्या जिवाणू आणि जीव बसलेल्या दगडावर) तपकिरी बटणांसारखं काहीतरी फार पसरलंय. एकाने सांगितलं दगड पातेल्यात उकळ, सगळं मरतं. परवा ब्रशने घासायला गेलो तेव्हा पाणी डोळ्यात उडालं. आज चौथा दिवस (परवा नाही, सोमवारी झालं), डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही. गुलाबपाणी घालतोय. दगड उकळू का? (कल्याण)

यांना मी त्याच दिवशी एका ओळीत उत्तर पाठवलं: दगड राहू द्या, आत्ता उठा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण उकळायचा हा सल्ला मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो.

ती तपकिरी बटणं म्हणजे बहुतेक पॅलिथोआ, झोआ नावाच्या कोरलसारख्या रंगीत जीवांची भावंडं. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, सजीवांत सापडणाऱ्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. हवाईतल्या माऊई बेटावर हाना भागात लोक भाल्याच्या टोकाला एक ‘मरणाचं शेवाळ’ लावायचे असं सांगतात, 1971 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातून विष वेगळं काढलं तेव्हा कळलं की ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होतं. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो, हे विष त्या पंपाचं दार उघडं अडकवून ठेवतं, मग स्नायू, हृदय, श्वास कशावरही परिणाम होऊ शकतो. यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणं सांभाळतात एवढंच. सगळ्या झोआंत ते असतंच असं नाही, काहींत अगदी नगण्य असतं, पण दुकानात उभं राहून नुसतं बघून ते ओळखता येत नाही, मला तरी नाही येत आणि जो म्हणतो येतं त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता उकळण्याचं. उकळल्याने पॉलिप (ती बटणं) मरतात, विष मरत नाही, ते वाफेबरोबरच्या बारीक थेंबांतून घरभर पसरतं आणि घरातले सगळे ते श्वासात घेतात. हे पुस्तकातलं नाही, 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये एक माणूस घरचा टँक साफ करत होता आणि त्याचं अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेलं, मदतीला आलेल्यांपैकीही काहींना तपासायला न्यावं लागलं. त्याने तर उकळलंही नव्हतं. अमेरिकेत अलास्काच्या अँकरेजमध्येही 2012 ते 2014 दरम्यान अशा केसेस नोंदल्या गेल्यात. ताप, थंडी, अंगदुखी, खोकला, धाप, तोंडाला कडवट धातूसारखी चव अशी लक्षणं. आता तुम्हीच सांगा, जुलै महिन्यात कल्याणमध्ये ही लक्षणं घेऊन कुणी दवाखान्यात गेलं तर काय म्हणतील? व्हायरल आहे, डेंगीची टेस्ट करा. म्हणून डॉक्टरला स्वतःहून सांगायचं की घरी रीफ टँक आहे, झोआ हाताळले, पॅलिटॉक्सिनची शंका आहे. कागदावर लिहून न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यामुळे उकळायचं नाही. गरम पाणी ओतायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही, ब्रशने घासायचं नाही, प्रेशरने धुवायचं नाही, उन्हात वाळवून मग फोडायचं नाही. हात घालताना लांब ग्लोव्हज आणि साधा चष्मा नव्हे, बंद गॉगल, हाताला साधी चीर असेल तर त्या दिवशी हातच घालायचा नाही. दगड काढायचाच असेल तर अख्खा काढा, पाण्याखालीच पिशवीत घ्या, झाकणाच्या बादलीत पातळ केलेल्या ब्लीचमध्ये उघड्या हवेत ठेवा, पोरंबाळं आणि कुत्रं-मांजर लांब. त्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनसुद्धा टाकू नका, त्यातून क्लोरीन निघतो. आणि हे सगळं करण्याआधी फोटो काढून जाणकाराला दाखवा.

डोळ्यात उडालं तर 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. बुबुळावर जखम होऊ शकते, नजर जाऊ शकते. गुलाबपाणी! चार दिवस गुलाबपाणी! (डोळा वाचलाय, थेंब चालू आहेत, त्यांनी कळवलं म्हणून सांगतोय.)

विकणाऱ्यांवरही माझा राग आहे. एका पॉलिपला भारी भारी नाव देऊन हजारो रुपये घेतात, ट्रेमधून उघड्या हाताने उचलून देतात आणि ग्लोव्हज घाला एवढे दोन शब्द बोलायला त्यांना जड जातं.

माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, लसूण चोळलेलं खाणं दिलं, 4 दिवसांत गेले. आता परत आलेत आणि जास्त आलेत. लसूण वाढवू का? (कोल्हापूर)

लसणाने गेले नव्हते. ते ठिपके म्हणजे एक परजीवी, आणि त्याची पद्धतच तशी आहे, अंगावरून गळून वाळूत पडतो, तिथे गाठ बांधून वाढतो आणि दसपटीने परत येतो. मधले दिवस मासा स्वच्छ दिसतो आणि त्याच दिवसांत लसूणवाले, आल्याचा रसवाले, ‘रीफ सेफ’ बाटलीवाले सगळे यशस्वी होतात. कॉपरचं औषध लागतं, पण ते मुख्य टँकमध्ये अजिबात नाही, कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळं मरेल. वेगळा क्वारंटाइन टँक, कॉपरचं टेस्ट किट, आणि मुख्य टँक बिनमाशाचा ठेवायचा, हॉबीत 76 दिवस धरतात. ठिपके मिठाच्या दाण्याएवढे नसून पिठासारखी बारीक धूळ दिसत असेल आणि मासा धापा टाकत असेल तर तो वेल्व्हेट नावाचा वेगळा रोग, त्यात दिवस नाही तास महत्त्वाचे असतात, मला मेल करत बसू नका, माशांचा डॉक्टर किंवा जवळचा अनुभवी माणूस त्याच दिवशी गाठा.

काल्कवॉसरचे व्हिडिओ बघितले, तो तर चुनाच दिसतोय. टपरीवरचा चुना चालेल का? (सांगली)

बरोबर ओळखलंत, कोरलला कॅल्शियम द्यायला घालतात ती चुन्याची निवळीच, जर्मन नाव दिलं की डबा महाग होतो. पण टपरीचा चुना नको, त्यात काय काय मिसळलंय ते टपरीवाल्यालाही माहीत नसतं, चांगल्या शुद्धतेचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. वरची निवळ तेवढीच, थेंब थेंब, शक्यतो रात्री. तिचा पीएच 12 च्या वर असतो, एकदम ओतली तर सकाळी सगळे मासे तळाला, आणि डोळ्यात गेली तर वरचं कल्याणवाल्यांचं उत्तर पुन्हा वाचा. पण मुळात तुम्हाला ती लागते का? तुमच्याकडे चार सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेले) कोरल आहेत, वॉटर चेंजमध्ये भागतं. आठवड्यातून दोनदा केएच (पाण्याचा पीएच धरून ठेवणारी क्षारता) मोजा, 8-9 च्या आसपास, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम. आणि आकड्यामागे धावू नका, केएच 7.5 वर स्थिर असलेला टँक मी आनंदाने बघतो, सोमवारी 7 आणि गुरुवारी 10 वाला बघवत नाही.

नागपूरच्या मित्राचा टँक मे महिन्यात नुसत्या पंख्यावर चालतो, माझा मुंबईत पंखा लावूनही 31 वर. पंखा खराब आहे का? (मालाड)

पंखा चांगला आहे, हवा दमट आहे. पंखा पाणी उडवून गार करतो, कूलरसारखाच, नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, मालाडला उडत नाही. चिलर घ्या किंवा त्या खोलीचा एसी चालू ठेवा, पाणी 25-26 वर हवं. लाइट गेल्यावर मात्र आधी उष्णता मारत नाही, ऑक्सिजनची कमतरता मारते, म्हणून इन्व्हर्टरवर चिलर नको, फक्त वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) ठेवा, आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

पाण्यात हात घातला की कधीकधी झिणझिण्या येतात. नॉर्मल आहे का? (चिंचवड)

नाही! हात घालणं बंद, मेन स्विच बंद, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, आज. बहुतेक हीटरची काच तडकलेली असेल किंवा पंपाची केबल. अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या, बऱ्याच घरांत तीन पिनचा सॉकेट असतो आणि मागे दोनच वायरी. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या. वरून थेट सॉकेटमध्ये उतरेल अशी वायर सोडू नका, वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

चौथ्या मजल्यावर 4 बाय 2 बाय 2 चा टँक ठेवता येईल ना? (बोरिवली)

पाणीच साडेचारशे लिटर, म्हणजे साडेचारशे किलो, वर काच, दगड, वाळू, स्टँड, सम्प (खालची फिल्टरची टाकी). घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन करतात आणि तुमचा टँक पाऊण चौरस मीटरवर उभा राहणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही.

मालवणला स्नॉर्कलिंगला गेलो होतो, छोटा जिवंत कोरल मिळाला, पाण्यात ठेवून आणलाय. काय खायला देऊ? (डोंबिवली)

मिळाला नाही, तुम्ही उचललात. दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, आणि मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. यात कैद होऊ शकते. खाणं विचारू नका, वकिलाशी बोला आणि वनविभागाशी संपर्क करा, आणि स्वतःच जाऊन परत समुद्रात सोडण्याचा शहाणपणा करू नका. ‘इम्पोर्टेड आहे, पेपर्स आहेत’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे पेपर मागा, दगडी कोरलला साइट्सचं (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) परमिट लागतं, आणि 2024 च्या नियमांनंतर असे जीव घरी असतील तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पेपर व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला आणि आठवडा झाला, तर ते नाहीत.

टँक मिस्टरांचा, ते महिनाभर टूरवर जाणार. रोज कमीत कमी काय करू? मला यातलं काही येत नाही. (संभाजीनगर रोड, अहिल्यानगर)

ताई, सकाळ-संध्याकाळ तापमान बघा, मासे मोजा, पंपाचा आवाज चालू आहे ना बघा. पाणी कमी झालं की खारं पाणी टाकायचं नाही, डीआयचं साधं पाणी टाकायचं, मीठ उडून जात नाही, फक्त पाणी जातं. बाटल्यांना हात लावू नका, आत हात घालू नका. एखादा मासा दिसेनासा झाला किंवा पाणी गढूळ झालं तर ज्याच्याकडून टँक बसवला त्याला लगेच फोन, उद्या बघू नाही. आणि जायच्या आधी मिस्टरांना रोजच्या खाण्याच्या 30 पुड्या बांधून ठेवायला सांगा, कारण घरी आलेला प्रत्येक पाहुणा चिमूटभर टाकतोच.