तीन देशांचा एकच ग्राफ? मी हेच करून पस्तावलोय

तुझी पोस्ट वाचली आणि माझा एमएचा प्रोजेक्ट आठवून पोटात गोळाच आला. भारत, अमेरिका, ब्रिटन तिघांचे ग्राहक विश्वासाचे (म्हणजे लोकांना आपली नि देशाची आर्थिक परिस्थिती कशी वाटते त्याचे) आकडे एका ग्राफवर टाकलेयस, वर "मालवणात शंभर जणांना विचारून चौथी रेघ काढू का, आणि लोकांच्या चिंतांच्या यादीत माकडांचा त्रास घालू का" म्हणतोयस. काढ, पण आधी ऐक.

आरबीआयचा (आपल्या रिझर्व्ह बँकेचा) चालू परिस्थितीचा निर्देशांक मे २०२१मध्ये ४८.५ होता, अमेरिकेतल्या मिशिगन युनिव्हर्सिटीचा जून २०२२मध्ये ५०. दिसायला जुळी भावंडं! पण आरबीआयकडे १०० म्हणजे बरं म्हणणारे नि वाईट म्हणणारे सारखे, आणि मिशिगनचं १०० म्हणजे १९६६च्या सुरुवातीची पातळी. ब्रिटनचा आकडा काढणाऱ्या जीएफके या सर्व्हे कंपनीचा तर मध्यच शून्यावर, सप्टेंबर २०२२ला उणे ४९ होता तो. त्यामुळे ज्याची रेघ त्याच्याच जुन्या सरासरीशी ताडून बघ, कोण पुढे कोण मागे ते सोडून दे. (तयार हवं असेल तर ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना बऱ्याच देशांचे आकडे दीर्घकालीन सरासरी १०० धरून एका मापात बसवते, तिथनं उचल.)

मला बुडवलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. या सगळ्या सर्व्हेत "वर्षापूर्वीपेक्षा" हा शब्द असतो. माझ्याही फॉर्मात होता. बाजारात बसून फॉर्म भरून घ्यायला एका ऑफिसचं पत्र लागत होतं (नाव घेत नाही, अजून त्यांच्याच दारात जायला लागतं), तीन खेपा घातल्यावर साहेब म्हणाले प्रश्न लांबडे आहेत, छोटे करा. मी मूर्ख, पत्राच्या लोभाने नेमका तोच शब्द छाटला. उरलं काय, तर "घरची आर्थिक परिस्थिती कशी आहे?"

पहिली फेरी मे महिन्यात, हापूसचे पैसे हातात, चाकरमानी घरी, सगळे खूश. दुसरी जुलैअखेर, १ जूनपासून मासेमारी बंद म्हणून होड्या किनाऱ्यावर, शाळेचा खर्च झालेला, गणपतीचा पुढे उभा. मी रिपोर्टात ठोकून दिलं, दोन महिन्यांत विश्वास कोसळला! गाईड म्हणाले, "अरे, विश्वास कोसळला की पाऊस?" दोनशे चाळीस फॉर्म, स्वतःच्या पैशाने छापलेले, रद्दीत. जुलैची तुलना गेल्या जुलैशी झाली असती तर हा घोळ झालाच नसता.

आणि आपल्याकडे नुसतं "कसं चाललंय" विचारलंस तर "बरा आसा" हेच येणार, छान म्हटलं तर दृष्ट लागते ना! सुधारली, तशीच, बिघडली असे तीन पर्याय वाचून दाखव. मी काही स्टॅटिस्टिक्सवाला नाही, तुझ्या गाईडलाही विचार, पण यावर मी ठाम आहे.

चिंतांचं म्हणशील तर इप्सॉस ही सर्व्हे कंपनी यादी देऊन त्यातले तीन विषय निवडायला सांगते, आणि तिचा भारतातला नमुना बराचसा शहरी, शिकलेला. तुझ्या यादीत माकडं घातलीस तर आंबा-काजूवाले सगळे तिथंच टिक करतील, मग तुलना संपली. यादी त्यांचीच ठेव, माकडांचं शेवटी वेगळं विचार. विचार मात्र नक्की, माणसं त्याच्यावरच खुलून बोलतात.

पावसात जाणार असशील तर जेल पेन नेऊ नको. माझे वीस-पंचवीस फॉर्म त्यातही गेले.