दहा जीबी भरले म्हणून लगेच उडी मारू नका

डेटाबेस भरला, आता काय करू, असं विचारणारी म्हापशाच्या हार्डवेअर दुकानवाल्यांची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीचा मीच समोर दिसलो. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसचे, १० जीबी भरले, बिल सेव्ह होत नाही, सॉफ्टवेअरवाला म्हणतो त्याचीच विकतची स्टँडर्ड आवृत्ती घ्या, त्यांचा भाचा म्हणतो पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस फुकट आहे. आमचा फोंड्याला औषधांचा घाऊक धंदा, बाकी रड तीच.

आधी एक बघा. ती मर्यादा डेटा फाइलला आहे, बदलांची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलला नाही. आमच्या १० जीबीतला निम्मा भार खरेदी-बिलांच्या स्कॅनचा होता, सगळे टेबलातच कोंबलेले. ते फोल्डरात काढले असते तर दोन-तीन वर्षं सहज निघाली असती. शिवाय २०२५ च्या आवृत्तीत एक्स्प्रेसची मर्यादा ५० जीबी झाली आहे. तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, एवढं विचारा. कदाचित पुढचं वाचायची गरजच उरणार नाही.

आमच्याकडे कुणीतरी ओरॅकल या तिसऱ्या डेटाबेसचंही नाव काढलं होतं. त्याच्या स्टँडर्ड एडिशन टूची छापील किंमत एका सॉकेटला, म्हणजे सर्व्हरमधल्या एका प्रोसेसरला, १७,५०० डॉलर, वर न चुकता दरवर्षी २२ टक्के सपोर्टचे. क्रोसिनची खोकी मोजणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. मी पोस्टग्रेसवर गेलो आणि आजही तिथेच आहे. पण मला फुकट पडलं नाही.

जुना डेटा भरायला फार वेळ लागत होता, म्हणून मी कॉन्फिगरेशनमध्ये एफसिंक बंद केलं. रात्रभराचं काम दोन तासांत झालं, मी खूश. परत चालू करायचं विसरलो. एफसिंक म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर टेकलं याची खात्री करून घेणं. ते बंद असलं तरी वीज असेपर्यंत काहीच कळत नाही, उलट सगळं पळतं.

जूनचा पहिला मोठा पाऊस, संध्याकाळचे सात. वीज गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, एक टीं करून तीही गेली. वीज आल्यावर स्टॉक उघडला तर ‘इनव्हॅलिड पेज’, म्हणजे टेबल फाटलेलं. बॅकअप आहे की, म्हणून फोल्डर उघडलं. रोज रात्रीची फाइल हजर, पण एकोणीस दिवसांच्या फाइली शून्य केबीच्या! पासवर्ड बदलला होता आणि शेड्यूलमधल्या कमांडला तो कुणी सांगितलाच नव्हता. कुणी म्हणजे मी.

मग बिलांच्या कार्बन कॉप्या. अर्ध्या दमट, एकमेकींना चिकटलेल्या. पंख्याखाली वर्तमानपत्र पसरून त्या सुकवायच्या, आणि दोन पोरी बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं पुन्हा टाइप करतायत. नऊ दिवस लागले. शेवटी तेवीस बिलं कधी सापडलीच नाहीत.

सॉफ्टवेअरवाल्या कंपनीशी आमचा वर्षाचा करार होता, नाव घेत नाही. तीन वेळा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा ‘डेटाबेस ओपन सोर्स असल्याने आमच्या कक्षेत येत नाही’ असं लिहून बंद. बरं, पोस्टग्रेसवर चालतं म्हणून प्रोग्रॅम विकला कुणी? असो. पण लायसनवालं घेतलं असतं तर कुणी धावत आलं असतं असंही समजू नका. लायसनचे पैसे भरले म्हणून तुमचा बॅकअप कुणी तपासत नाही.

माझं मत, आणि मी काही डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा तज्ज्ञ नाही, दुकानदार आहे: रोजचं बिलिंग, दहा-पंधरा संगणक, एवढ्याला पोस्टग्रेस दणकून पुरतं. पण प्रोग्रॅममधल्या स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) टी-एसक्यूएलमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत, असतील तर त्या नव्याने लिहाव्या लागतात, आणि तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. तो आकडा लेखी घ्या. लायसनपेक्षा जास्त निघाला तर मुकाट्याने स्टँडर्ड घ्या, लाज नाही त्यात.

वेग हवाच असेल तर एफसिंकला हात न लावता सिंक्रोनस कमिट नावाची सेटिंग बंद करा, मग प्रत्येक बिल डिस्कवर टेकायची वाट बघत बसावं लागत नाही. वीज गेली तर शेवटची एक-दोन बिलं जातील, पण टेबल फाटणार नाही.

आणखी एक, भाच्याला सांगा. एसक्यूएल सर्व्हर सहसा लहान-मोठी अक्षरं एकच धरतो, पोस्टग्रेस धरत नाही. आमच्याकडे इंग्रजीत छोट्या लिपीतले नाईक आणि कॅपिटलमधले नाईक अशी एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती झाली, आणि उधारी दोघांत वाटली गेली. चवथीच्या तोंडावर वसुलीला गेलो तेव्हा त्यांनी कमी रकमेचं खातं दाखवलं.

स्कॅन टेबलातच आहेत का ते बघा आणि इथेच कळवा. यूपीएसची बॅटरी मात्र आजच बदला.