आर्डुइनो प्रो मिनी बोर्डावर प्रोग्रॅम चढत नाही, 'नॉट इन सिंक' येतं. बोर्ड यूएसबीला जोडणारा सीपी२१०२ ॲडॅप्टर खराब निघाला का?

ॲडॅप्टर इतक्यात फेकू नका. तुम्ही लिहिलंय की कॉम पोर्ट दिसतो, सहाही वायरी 'नावाला नाव बघून' जोडल्यात, तरी दर वेळी तीच एरर. त्या 'नावाला नाव'मध्येच घोळ आहे.

पण आधी ॲडॅप्टरवरचा संशय मिटवा. बोर्ड पूर्ण सोडवा, ॲडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या दोन पिना एका जंपरने एकमेकींना जोडा आणि आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या सिरियल मॉनिटरमध्ये काहीही टाइप करून पाठवा. तेच परत उमटलं तर ॲडॅप्टर, केबल, ड्रायव्हर सगळं ठणठणीत आहे.

आता वायरी. टीएक्स-आरएक्सची फुली मारायची असते: ॲडॅप्टरचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सआयला, आरएक्स टीएक्सओला. हे बहुतेकांना कोणीतरी सांगतंच. खरा दगा देते ती सहावी, बोर्ड रीसेट करणारी वायर.

तुमच्या ॲडॅप्टरवर 'डीटीआर' छापलंय की 'आरएसटी', ते नीट बघा. स्वस्तातल्या बऱ्याच सीपी२१०२ मॉड्यूलवर आरएसटी असतं आणि ती पिन त्या सीपी२१०२ चिपच्या स्वतःच्या रीसेटची असते. तिचा आर्डुइनोच्या रीसेटशी काही संबंध नाही! पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून मी असंच मॉड्यूल आणलं होतं. आरएसटीला आरएसटी जोडून अख्खी संध्याकाळ घालवली आणि शेवटी चांगल्याभल्या बोर्डालाच शिव्या दिल्या.

प्रोग्रॅम घेणारा बूटलोडर बोर्ड रीसेट झाल्यावर जेमतेम एक-दोन सेकंद वाट बघतो. तेवढ्यात कॉम्प्युटरकडून काही आलं नाही तर तो जुनाच प्रोग्रॅम चालू करतो. अपलोडच्या सुरुवातीला डीटीआर खाली येतो आणि बोर्डावरच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला फक्त एक झटका बसतो. कपॅसिटर नसता तर डीटीआर खाली असेपर्यंत बोर्ड रीसेटमध्येच अडकून बसला असता. म्हणून वायर बोर्डाच्या डीटीआर पिनेला लावा. रीसेटच्या पिनेलाच लावायची असेल तर मध्ये '१०४' छापलेला सिरॅमिक कपॅसिटर घाला.

डीटीआर नसेलच तर हाताने जमतं. सहावी वायर काढून टाका, अपलोड दाबा, खालच्या काळ्या खिडकीत 'स्केच इतके बाइट्स वापरतो' ही ओळ आली रे आली की बोर्डावरचं रीसेट बटण दाबून सोडा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात हात बसतो. मी अजूनही कधीकधी असंच करतो.

तरीही अडलं तर बोर्डच्या यादीत 'ऊनो' निवडून बघा. प्रो मिनीचा बूटलोडर ५७६०० बॉडवर (म्हणजे त्या वेगाने) बोलतो, पण काही नकली बोर्डांत ऊनोचा ११५२०० वाला भरलेला असतो.

आणि बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर व्हीसीसीला (वीजपुरवठ्याच्या पिनेला) ॲडॅप्टरचे ५ व्होल्ट देऊ नका, शिवाय सॉफ्टवेअरच्या 'प्रोसेसर' यादीत ८ मेगाहर्ट्झ निवडा. १६ ठेवलात तर प्रोग्रॅम चढेल, पण एका सेकंदाला लुकलुकणारा दिवा दोन सेकंद घेईल.